उत्तरभाग (ॲनिमेशन मालिका)

ॲनिमेशन मालिकेत आधी प्रसारित झालेल्या एखाद्या भागाचे कथानक किंवा मांडणी पुढे नेण्यासाठी रचलेल्या भागास उत्तरभाग म्हणतात. असे उत्तरभाग अनेकदा प्रेक्षकांची निराशा करतात. चित्रे तितकीच सुबक असतात, आवाज देणारे कलावंतही तेच असतात, तरीही रंग भरत नाही. ही निराशा दोन निरनिराळ्या वाटांनी येते : पहिल्या भागाने दिलेला शब्द पाळला गेला नाही तर, आणि पहिल्या भागाने कोणताच शब्द दिलेला नसताना केवळ त्याच्या यशामुळे दुसरा भाग काढला गेला तर.

नाशिकला पंचवटीतील मंदिरांत कीर्तन ऐकलेल्या श्रोत्यास पूर्वभाग आणि उत्तरभाग ही विभागणी, व शब्द पाळणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतात, मध्यंतरात त्यांना हार घालून बुक्का लावला जातो आणि मग उत्तररंगात आख्यान लागते. श्रोता उठून जात नाही, कारण आख्यान येणार हे त्याला आरंभापासून ठाऊक असते आणि आख्यान संपवताना बुवा मूळ अभंगावर परततील याचीही त्याला खात्री असते.

शब्द देऊन लांबणीवर टाकल्याचे प्रसिद्ध उदाहरण ‘साउथ पार्क’ या अमेरिकी मालिकेचे आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये संपलेल्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग कार्टमन या मुलाचा बाप कोण, या प्रश्नावर नेमका तोडला होता. १ एप्रिल रोजी दुसरे पर्व सुरू झाले तेव्हा उत्तराऐवजी दोन दुय्यम पात्रांवरचा वेगळाच भाग दाखवून प्रेक्षकांना एप्रिल फूल करण्यात आले. त्यावर इतका संताप उसळला की खरा उत्तरभाग ठरल्या तारखेच्या आधी, २२ एप्रिल रोजी, दाखवावा लागला. गंमत चांगली होती, पण ती ताटकळलेल्या माणसाशी केली गेली. या उत्तरभागाने दिलेले उत्तरही खोटे होते, असे निर्मात्यांनी पुढे २०१० मध्ये त्याच मालिकेत उघड केले.

‘द सिम्प्सन्स’ने १९९५ मध्ये हाच प्रकार अधिक जबाबदारीने हाताळला. धनाढ्य बर्न्सवर गोळी कोणी झाडली, हा प्रश्न २१ मे रोजी टाकला गेला आणि उत्तर १७ सप्टेंबरला मिळाले. गोळी झाडणारी व्यक्ती तान्ही मॅगी निघाली, हा निकाल थट्टेवारी नेणारा वाटू शकतो. तथापि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा पहिल्या भागातच पेरलेल्या होत्या, त्यामुळे पाहणाऱ्यास तो भाग पुन्हा लावून पडताळा घेता येत होता.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण अधिक बोधक आहे. ‘रिक अँड मॉर्टी’ मालिकेतील ‘रिक्स्टी मिनिट्स’ हा भाग मार्च २०१४ मध्ये प्रसारित झाला. त्यात अनंत विश्वांतील वाहिन्या टीव्हीवर लागतात. या वाहिन्यांवरील तुकड्यांचे संवाद बऱ्याच अंशी उत्स्फूर्तपणे बोलून ध्वनिमुद्रित केलेले होते व चित्रे त्यांवरून काढली गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचा उत्तरभाग आला, तोही त्याच पद्धतीने, आणि त्याच्या शीर्षकातच निर्मात्यांनी आपण धोका पत्करत असल्याची कबुली दिली होती. तो अनेकांना फिका वाटला. पहिल्या भागात त्या असंबद्ध तुकड्यांच्या आड एक गंभीर कथा चालू होती : आपला जन्म आईवडिलांना नको असताना झाला, हे समर या मुलीला कळते आणि तिचा भाऊ तिला घर सोडण्यापासून परावृत्त करतो. उत्तरभागात तिच्या जागी परग्रहावरील रुग्णालयात अवयवदानाच्या पेचात सापडलेला बाप आहे. प्रसंग विनोदी आहे, परंतु तुकड्यांना तोलून धरणारे वजन त्यात नाही. उत्स्फूर्ततेची तालीम करता येत नाही, ही अडचण त्याखेरीज होतीच.

यशामुळे काढलेला प्रत्येक उत्तरभाग फसतोच असे मात्र नाही, आणि याचा दाखला नाशिकच्याच चित्रपट इतिहासात सापडतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्यापेटीतील काड्या हलवून दाखवणारा लघुपट केला होता; भारतीय ॲनिमेशनच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुढे नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे त्यांनी ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि लगोलग ‘कालिया मर्दन’ (१९१९) काढले. हे ॲनिमेशनपट नव्हेत, तरी तुलना येथे उपयोगी पडते. बाळकृष्ण दोन्हीकडे फाळके यांची कन्या मंदाकिनीच होती, पण दुसऱ्या चित्रपटाने जन्मकथा पुन्हा न सांगता खोड्या आणि कालियाशी झुंज हा वेगळा प्रसंग निवडला.

नाशिकच्या घरांतून मुले जी कार्टून पाहतात त्यांपैकी बहुतेक हिंदीत भाषांतरित किंवा मुळातच हिंदी असतात आणि मुलांच्या वाहिन्यांवर त्यांचे भाग दिवसभर, क्रम न पाळता पुनःप्रसारित होतात. परिणामी अनेकदा उत्तरभाग आधी पाहिला जातो व मूळ भाग नंतर. अशा वेळी उत्तरभागाकडून वाढीव अपेक्षा नसते. तो पदरी पडेल तसा गोड मानला जातो, आणि पुढे मूळ भाग लागला की ‘हे तर पाहिलंय’ म्हणून वाहिनी बदलली जाते.