ड्यून: सिनेमा, त्यामागचं पुराण आणि पाण्याचा हिशोब

ड्यून ही फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची १९६५ सालची सायन्स फिक्शन कादंबरी. आज मात्र ड्यून म्हटलं की बहुतेकांना डेनी व्हिलनव्हचे २०२१ आणि २०२४ चे दोन सिनेमेच आठवतात, म्हणजे टिमोथी शालामे, झेंडाया, वाळूतून उसळणारा तो महाकाय किडा आणि हान्स झिमरचं छातीत घुमणारं म्युझिक. गोष्ट अराकिस नावाच्या ग्रहावर घडते. तिथे पाऊस नाहीच, सगळीकडे वाळू, आणि त्या वाळूत स्पाइस नावाचा मसाला मिळतो जो अख्ख्या विश्वात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. तो खाल्ल्याशिवाय जहाजं हाकणाऱ्या नेव्हिगेटर लोकांना पुढची वाट दिसत नाही, म्हणजे मसाला बंद तर ग्रहाग्रहांतली वाहतूक बंद, म्हणून बादशहापासून सरदारांपर्यंत सगळे त्या वाळूवर टपलेले. चौल-दाभोळच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे राजकारण समजावून सांगायला नको. सिनेमा बघताना निसटतं ते पाणी, आणि माझ्या मते पुस्तक मुळात पाण्याचंच आहे.

ऑरेगनचं गवत आणि आपलं सुरूचं बन

१९५७ साली हर्बर्ट ऑरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावाजवळच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथे वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या रस्ते गिळत होत्या आणि अमेरिकेचं शेतीखातं त्यांच्यावर गवत लावून वाळू जागच्या जागी धरून ठेवायचा प्रयोग करत होतं. त्यावर एक लेख लिहायचा असं ठरवून तो गेला, लेख काही पुरा झाला नाही, पण वाळवंटं, तिथली माणसं, तिथले धर्म असं वाचत वाचत पुढे कादंबरीच झाली. १९६३ ते १९६५ मध्ये ती अ‍ॅनालॉग मासिकात आली, मग वीसेक प्रकाशकांनी नको म्हटलं, आणि शेवटी छापली कोणी तर चिल्टन नावाच्या कंपनीने, जी गाड्या दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होती. १९६६ मध्ये ह्यूगो मिळालं, आणि कादंबरीसाठीचं पहिलंवहिलं नेब्युला अवॉर्डही हिलाच.

काशीद, दिवेआगर किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर फिरलेल्या माणसाला ती गवताची गोष्ट लगेच ओळखीची वाटते. तिथलं सुरूचं बन काही आपोआप उगवलेलं नाही, वाळू आणि वारा अडवायला मुद्दाम लावलेलं आहे, आणि सुरू हे झाड इथलं नव्हेच, ते ऑस्ट्रेलियाकडचं. ऑरेगनमधलं गवतही असंच युरोपातून आणलेलं, आणि आता ते इतकं माजलंय की मूळच्या टेकड्या वाचवायला लोक तेच उपटतायत. आपल्याकडे वाळू धरायचं काम मर्यादवेल पहिल्यापासून करत आलीय, जांभळ्या फुलांची, भरतीच्या रेषेच्या जरा वर पसरलेली, आणि पर्यटकांच्या गाड्या तिच्यावरूनच जातात.

कादंबरीत हे काम पार्डट काइन्स नावाचा ग्रहशास्त्रज्ञ सुरू करतो. आधी टेकडीच्या वाऱ्याआडच्या उतारावर साधं गवत, ते रुजलं की जरा दमदार गवत, मग झुडपं, मग झाडं, असं करत ग्रह हिरवा व्हायला ३०० ते ५०० वर्षं लागतील असा त्याचा हिशोब. वाळवंटात राहणारे फ्रेमेन लोक हे ऐकतात, आपल्याला तर सोडाच, आपल्या नातवंडांनासुद्धा हे बघायला मिळणार नाही हे त्यांना माहीत असतं, तरी कामाला लागतात. हे सगळं पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात आहे, ते बरेच जण सोडून देतात. सोडू नका, खरी गंमत तिथेच आहे.

पाण्याची शिस्त

फ्रेमेन लोकांचं सगळं जगणं पाण्याच्या हिशोबावर चालतं. अंगावर स्टिलसूट घालायचा, तो घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून परत पिण्याजोगं करतो, त्याचा पंप चालण्यावर आणि श्वासावर चालतो, आणि सूट नीट बसला असेल तर भर वाळवंटात दिवसाला अंगुस्तानाभर पाणी जातं, त्याहून जास्त नाही. कोणी मेलं की त्याच्या शरीरातलं पाणी काढून टोळीच्या साठ्यात जमा. माणूस त्याचा त्याचा, पण त्याचं पाणी टोळीचं. जेमिस नावाचा फ्रेमेन पॉलच्या, म्हणजे गोष्टीच्या नायकाच्या, हातून मरतो तेव्हा त्याचं पाणी भरतं ३३ लिटर आणि वर काही थेंब, आणि ते थेंबसुद्धा मोजून सांगतात. त्या पाण्याच्या बदल्यात धातूच्या कड्या मिळतात, त्या म्हणजे तिथली नोट. जेमिसच्या अंत्यविधीत पॉल त्याच्यासाठी रडतो तर सगळे थक्क, मेलेल्याला कोणी आपलं पाणी देतं का!

फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार ड्यूकसमोर, म्हणजे पॉलच्या बापासमोर, टेबलावर थुंकतो तो सीन सिनेमात आहे (हाव्हिएर बार्डेम, मस्त काम). थुंकणं म्हणजे अंगातलं पाणी देणं, म्हणजे मोठा मान. एसटी स्टँडच्या भिंती रंगवणाऱ्या आपल्या तंबाखूबहाद्दरांना ते फार आवडेल, पण कारण वेगळं.

राजवाड्यासमोरच्या खजुराचाही हिशोब आहे. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी, माणसाला ८ लिटर, म्हणजे एक झाड बरोबर पाच माणसं, अशी वीस झाडं म्हणजे शंभर माणसं, आणि बाहेरून जाणारे लोक त्या झाडांकडे आशेने आणि हेव्याने बघत जातात. नारळ-सुपारीच्या वाडीला उन्हाळ्यात शिंपण केलेल्या घरात हे गणित वेगळं करून दाखवावं लागत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे आला की सड्यावरच्या वाड्यांमधून हंडे घेऊन बायका विहिरीच्या तळाशी उतरलेल्या असतात किंवा टँकरची वाट बघत असतात, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, पडलं की पाझरलं आणि पऱ्ह्यातून समुद्राला मिळालं. ओढ्यात पोत्यांचे बंधारे घालतात ते त्यासाठीच. एका फ्रेमेन वस्तीच्या पोटात ३ कोटी ८० लाख डेकालिटर, म्हणजे ३८ कोटी लिटर पाणी साठवून ठेवलंय आणि तहानेने मरायला टेकलेला माणूसही त्याला हात लावत नाही, हे दुसऱ्या सिनेमात दोन मिनिटांत येऊन जातं. माझ्यासाठी दोन्ही सिनेमांतला सगळ्यात भारी क्षण तो.

किडा, मसाला आणि पाण्याचं वैर

मागच्या पुराणातली सगळ्यात महत्त्वाची गाठ ही. वाळूतला किडा, ज्याला फ्रेमेन शाई-हुलूद म्हणतात आणि आपल्याकडे गावाच्या राखणदाराला जसं भिऊन मानतात तसं मानतात, तो लहानपणी किडा नसतोच. तो सँडट्राउट नावाचा चामड्यासारखा प्राणी असतो. हे प्राणी जिथे पाणी असेल तिथे जाऊन ते आपल्या अंगांनी बंद करून टाकतात, म्हणजे ग्रह कोरडा ठेवणारे तेच. त्यांची घाण आणि ते अडवलेलं पाणी जमिनीखाली आंबतं, गॅस तयार होतो, एक दिवस स्फोट होऊन सगळं वर येतं आणि उन्हात वाळून त्याचा मसाला होतो. जे वाचतात त्यांचे पुढे किडे होतात, आणि मोठ्या किड्याला पाणी म्हणजे विष.

म्हणजे काइन्सचं स्वप्न खरं झालं, ग्रह हिरवा झाला, तर किडे मरणार, किडे मेले की मसाला संपणार आणि मसाला संपला की साम्राज्य जागच्या जागी थांबणार. झाड लावणं हेच इथे सगळ्यात मोठं बंड आहे. १९८४ मध्ये डेव्हिड लिंचने सिनेमा केला त्याच्या शेवटी पॉल अराकिसवर चक्क पाऊस पाडतो, लोक आनंदाने भिजतात, आणि पुस्तक वाचलेला माणूस कपाळाला हात लावतो, कारण त्या पावसात सगळे किडे मेले असते.

कॅलाडान सोडून आलेला मुलगा

पॉल अट्रेडीज वाळवंटातला नाहीच. त्याचं घर कॅलाडान, समुद्र, धुकं, धो धो पाऊस (सिनेमात ते शूटिंग नॉर्वेच्या किनाऱ्यावर झालं, अराकिसचं जॉर्डनच्या वादी रममध्ये आणि अबू धाबीत). पुस्तकाच्या शब्दकोशात कॅलाडानमधून बाहेर जाणारा मुख्य माल म्हणून पुंडी नावाचा तांदूळ दिलाय, दाणा चार सेंटीमीटरपर्यंत लांब आणि चवीला गोड. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या वाचकाला एवढ्या एका ओळीने तो पोरगा आपल्यातला वाटायला लागतो, निदान मला तरी वाटला.

फ्रेमेन त्याला लिसान अल-गायब, म्हणजे बाहेरून येणारा तारणहार, म्हणून मानतात, पण ती भविष्यवाणी आकाशातून पडलेली नाही. बेने जेसेरिट नावाच्या बायकांच्या पंथाने ग्रहोग्रही आधीच अशा कथा पेरून ठेवलेल्या असतात, पुढेमागे आपल्यापैकी कोणी अडचणीत सापडलीच तर उपयोगी पडतील म्हणून, आणि पॉलची आई जेसिका ते पीक कापते. हर्बर्टला सांगायचं होतं की तारणहारापासून सांभाळा. वाचकांना पॉल हिरोच वाटला, म्हणून १९६९ ला ड्यून मसाया लिहून त्याने त्या हिरोच्या नावावर झालेले अब्जावधी खून मोजून दाखवले.

सिनेमाने काय ठेवलं, काय टाकलं

सत्तरच्या दशकात होदोरोवस्की नावाचा दिग्दर्शक यावर सिनेमा करणार होता, त्यात साल्वादोर दाली बादशहा होणार होता, तो झालाच नाही. लिंचचा सगळा पसारा सव्वादोन तासांत कोंबलेला. व्हिलनव्हने एकाच पुस्तकाचे दोन भाग केले आणि ते बरं झालं. आपल्याकडे पहिला भाग २२ ऑक्टोबर २०२१ ला लागला, महाराष्ट्रातली थिएटरं लॉकडाऊननंतर उघडली त्याच दिवशी, त्यामुळे खूप जणांचा तो परत थिएटरात जाऊन पाहिलेला पहिला सिनेमा. त्याला सहा ऑस्कर, दुसऱ्याला दोन.

बदल पुष्कळ आहेत. पुस्तकात दुसऱ्या अर्ध्यात वर्षं जातात, पॉलला मुलगा होतो आणि मारला जातो, बहीण आलिया जन्मून चालती-बोलती होते आणि आजोबांना, म्हणजे गोष्टीतला खलनायक बॅरन हार्कोनेनला, स्वतःच्या हाताने मारते. सिनेमात सगळं काही महिन्यांत उरकतं, आलिया पोटातच राहते आणि बॅरनला पॉल मारतो. पॉलची फ्रेमेन प्रेयसी चानी (झेंडाया) पुस्तकात शेवटपर्यंत पॉलच्या बाजूने, सिनेमात ती या तारणहार प्रकरणावर विश्वासच ठेवत नाही आणि शेवटी निघून जाते. हा बदल मला पटला, हर्बर्टला जे सांगायला दुसरं पुस्तक लिहावं लागलं ते झेंडायाच्या चेहऱ्यावर दिसतं. पटलं नाही ते लिएट काइन्सचं, म्हणजे पार्डटच्या मुलाचं. सिनेमात ती बाई केलीय, ते ठीक, पण पुस्तकात काइन्सला स्टिलसूटशिवाय वाळवंटात सोडून देतात, भ्रमात मेलेला बाप येऊन त्याला ग्रहाचं शास्त्र शिकवत बसतो, आणि ज्या मसाल्याच्या स्फोटाचा वास त्याला येत असतो तोच त्याचा जीव घेतो. ते सगळं गेलं आणि त्याबरोबर गवत, सँडट्राउट, ५०० वर्षांचा हिशोब, सगळंच गेलं. कॉम्प्युटर का नाहीत हेही सांगितलेलं नाही: गोष्ट १०१९१ सालातली, आणि त्याच्या हजारो वर्षं आधी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मोठं बंड होऊन तसली यंत्रं बनवायलाच बंदी झालेली, म्हणून हिशोबाला मेंटॅट नावाची माणसं.

हिरवा अराकिस

हर्बर्टने ड्यूनची एकूण सहा पुस्तकं लिहिली, १९८६ मध्ये तो गेला. १९८१ च्या चौथ्या पुस्तकात गोष्ट साडेतीन हजार वर्षं पुढे जाते. अराकिस हिरवा झालाय, नदी वाहतेय, वाळवंट एका कुंपणातल्या तुकड्याएवढं उरलंय, आणि फ्रेमेन म्हणून जे आहेत त्यांना म्युझियम फ्रेमेन म्हणतात, ते जुने रीतिरिवाज अर्थ न कळता करून दाखवतात. त्यांच्याच काळातली सिओना नावाची मुलगी खरा स्टिलसूट घालून त्या उरलेल्या वाळूत चालायला निघते आणि तोंडावरची पट्टी लावायचीच विसरते, कारण ती लावायची असते हे तिला कोणी शिकवलेलंच नसतं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिचं पाणी उडून जात राहतं.