वेग कमी केला, तरी लाट मोठी का?

नांगरलेल्या बोटींजवळून जाताना दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: वेगमर्यादा पाळणं आणि लाट न उठवणं. २५ नॉटवरून (नॉट म्हणजे बोटीचा वेग मोजायचं एकक, ताशी साधारण १.८५ किमी) १० वर आलो की आपलं काम झालं, असं स्पीडबोट चालवणाऱ्याला वाटतं. शेजारच्या बोटी मात्र आधीपेक्षा जास्त हिंदकळतात.

असं होण्याचं कारण बोटीच्या बसण्यात आहे. पूर्ण वेगात स्पीडबोट वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत असते, तेव्हा ती फार पाणी ढकलत नाही. वेग उतरला की तिचा मागचा भाग खाली बसतो, नाक आभाळाकडे जातं आणि ती पाणी नांगरत चालते. सर्वात मोठी लाट याच मधल्या टप्प्यात उठते. पाण्याच्या रेषेवर २० फूट लांब असलेल्या बोटीची लाट साधारण ६ नॉटला तिच्याच लांबीची होते. तिथून पुढे, बोट घसरायला लागेपर्यंतचा सगळा पट्टा वाईट. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते, म्हणून थोडासा फरकही शेजाऱ्याला चांगलाच जाणवतो. उथळ खाडीत आणखी जपावं लागतं: ३ मीटर खोलीत साडेदहा नॉटच्या आसपास लाटा विशेष चढतात.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या जलमार्गांवर हा फरक पाट्यांवरच दिसतो. एक पाटी सांगते, सुकाणू ऐकेल एवढाच वेग ठेवा, लाट नको. दुसरी सांगते, हळू चला, लाट कमीत कमी ठेवा. म्हणजे बोट पूर्णपणे पाण्यात बसलेली हवी, नाक वर नको. या दोन्हींत नॉटचा आकडा नाही आणि मला हेच योग्य वाटतं. एकाच आकड्याला जड लाँच आणि हलकी रबरी बोट सारखी लाट उठवत नाहीत.

पण म्हणून आकडा निरुपयोगी ठरत नाही. वेगमर्यादा टक्कर टाळण्यासाठी असते: पोहणारा माणूस किंवा वल्ह्याची छोटी होडी अचानक समोर आली, तर थांबायला जागा उरावी. लाटेचा नियम ज्याच्याशी टक्कर होणारच नाही, त्याच्यासाठी असतो. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटी पाहा. लाँच किंवा स्पीडबोट बरीच लांबून गेली तरी काही क्षणांनी डोलकाठ्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलू लागतात. नेमकं तेव्हा कोणी डिंगीतून, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या होडीतून, शिडीवर पाय टाकत असेल, तर दोन बोटींमध्ये हात चेंगरतो. आत शेगडीवर चहाचं आधण असेल, तर ते अंगावर येतं. चालती बोट तोंड वळवून लाट तिरकी अंगावर घेऊ शकते; नांगरलेलीला तो पर्याय नाही. ती वाऱ्याच्या नाहीतर भरती-ओहोटीच्या ओढीने उभी असते आणि लाट तिला कुशीवर बसते.

म्हणून वेग उतरवायचा तो बोटींच्या जवळ पोचल्यावर नाही, बराच आधी. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, एकदम ओढू नका, नाहीतर स्वतःचीच लाट मागून येऊन बोटीत पाणी भरते. हळूहळू वेग कमी करत नाक पूर्ण खाली येऊ द्या, मग मागे वळून पाहा. पांढरा फेस आणि उंच कड दिसत असेल, तर काट्यावर ५ नॉट असले तरी आणखी कमी करा.