खैबर कशी बुडाली आणि 'विमानाने हल्ला' हा घोळ कुठून आला

४ डिसेंबर १९७१ ची आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींची कराचीवरची धडक आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगत नाही. पण त्या रात्री जी पाकिस्तानी विनाशिका बुडाली त्या खैबरबद्दल 'बुडवली' यापलीकडे क्वचितच कोणी बोलतं.

जहाज मूळचं ब्रिटिश, तेव्हाचं नाव कॅडिझ. १९४४ ला पाण्यात उतरलं, सेवेत आलं १९४६ ला, म्हणजे महायुद्ध हुकलंच. पन्नासच्या दशकात पाकिस्तानने घेतलं. १९६५ ला द्वारकेवर ज्या सात जहाजांनी रात्री तोफा डागल्या त्यात ही होती. बरेचसे गोळे मऊ मातीत रुतले, पण तिकडे त्याचा दिवस अजून साजरा होतो, आणि आपल्या नौदलाला पोरबंदरच्या वर जायलाच मनाई असल्याने उत्तर देता आलं नाही, ते लोकांना फार लागलं होतं.

आता मुद्द्याचं. १९७१ च्या त्या रात्री पावणेअकराच्या सुमारास खैबरवरच्या लोकांना आकाशातून एक झगझगीत उजेड आपल्याकडे येताना दिसला. त्यांना वाटलं विमान, म्हणून विमानविरोधी तोफा सुरू केल्या, तेवढ्यात ते उजव्या बाजूला भटारखान्याच्या खाली येऊन फुटलं, पहिली बॉयलर रूम गेली, जहाज जागीच थांबलं. त्या धुरात मुख्यालयाला सिग्नल गेला की शत्रूच्या विमानाने हल्ला केलाय, आणि सोबत दिलेलं ठिकाणही चुकीचं. ते होतं क्षेपणास्त्र, आपल्या निर्घात या बोटीने सोडलेलं. मग निर्घातने दुसरं सोडलं आणि खेळ संपला. २२२ माणसं गेली, त्यातली काही चुकीच्या ठिकाणी शोध घेण्यात वेळ गेल्यामुळेही गेली असणार.

याचं खापर जहाजावरच्या लोकांवर फोडणं मला पटत नाही. बोट कित्येक मैल लांब अंधारात, दिसणार काय, आणि ते क्षेपणास्त्र पंखवालं, मागे जाळ सोडत येणारं, रात्री ते विमानच वाटणार. प्रश्न किनाऱ्यावर बसलेल्यांना विचारायला हवा, कारण १९६७ लाच पोर्ट सईदजवळ इजिप्तच्या चिमुकल्या बोटींनी याच रशियन क्षेपणास्त्राने इस्रायलची एलात बुडवली होती, तीही अशीच जुनी ब्रिटिश विनाशिका. भारताने तसल्या बोटी घेतल्यात हेही काही गुपित नव्हतं. तरी कराचीबाहेर गस्तीला पाठवली कोण, तर तोफांच्या जमान्यातली खैबर! आणि त्याच रात्री मुहाफिज हे सुरुंगशोधक जहाजही बुडाल्याचं मुख्यालयाला कळलं तेही उशिरा. खैबरच्या शोधात निघालेल्या गस्ती बोटीला मुहाफिजचे वाचलेले लोक सापडले, त्यांच्याकडून. मुहाफिजला तर सिग्नल पाठवायलाही वेळ मिळाला नव्हता.

घोळ तिथेच थांबला नाही. पहिल्यांदा बोटीच्या क्षेपणास्त्राला विमान समजले, मग दोनच दिवसांनी उलटं, स्वतःच्याच झुल्फिकार या युद्धनौकेला भारतीय मिसाईल बोट समजून त्यांच्या विमानांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या.

आपल्याकडे ४ डिसेंबर नौदल दिन झाला, २०२३ ला तर तो सिंधुदुर्गात मालवणजवळ झाला. तिकडे खैबर हे नाव १९९४ ला परत वापरलं, ब्रिटिशांकडून घेतलेल्या ॲरो या फ्रिगेटला. ही ॲरो म्हणजे १९८२ च्या फॉकलंड युद्धात शेफिल्ड नावाच्या विनाशिकेला क्षेपणास्त्र लागल्यावर तिच्या मदतीला शेजारी जाऊन उभी राहिलेली.