वहीत न चढलेला खर्च

१९४९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य दोनच: व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. 'भारत अमुक क्रमांकाची अर्थव्यवस्था' ही बातमी आली की आज घरच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखी फिरते. तो क्रमांक देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ज्या आकड्यावरून ठरतो, त्याची स्वतंत्र भारतातली मोजदाद या तिघांपासून सुरू होते.

आकडा मुळात शर्यतीसाठी नव्हताच. महामंदीत नेमकं किती बुडालं हे कळावं म्हणून अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४मध्ये अमेरिकी काँग्रेसला अहवाल दिला आणि त्यातच बजावलं, की यावरून देशाचं कल्याण जोखता येणार नाही. पुढे १९५३मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मोजणीची एकसारखी पद्धत घालून दिली. देश शेजारी-शेजारी मांडता येऊ लागले. तुलना आली, की ईर्ष्या आलीच.

१९५७मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी पंधरा वर्षांत अमेरिकेला मागे टाकायची भाषा केली. माओंनी मॉस्कोतच तेवढ्या वर्षांत ब्रिटनला पोलादात मागे टाकायची. पुढच्याच वर्षी चिनी खेड्यांत परसातल्या भट्ट्या पेटल्या. घरची भांडीकुंडी वितळवली गेली, जळणासाठी डोंगर बोडके झाले आणि हाती आलं ते बहुतेक निकामी लोखंड. सोव्हिएत संघाने कापसासाठी अमूदर्या आणि सीरदर्या या नद्यांचं पाणी वळवलं, अरल समुद्र आटत गेला. हे हुकूमशाहीचंच दुखणं म्हणावं, तर जपान आडवा येतो. मिनामाटातली पाऱ्याची विषबाधा १९५६मध्ये उघडकीस आली. कारण कारखान्याचं सांडपाणी, हे सरकारने मान्य केलं ते १९६८मध्ये. दरम्यान, १९६०मध्ये, दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना तिथे आखली गेली होती.

हिशेबातली गोम पुण्यात मुठेवरच्या लकडी पुलावर उभं राहिलं तरी दिसते. सांडपाणी शुद्ध न करता सोडलं, तर नदीचं नुकसान कुणाच्याच खात्यावर पडत नाही. ज्या कामातून ते निघालं त्याची कमाई मात्र उत्पन्नात धरली जाते. पुढे नदी साफ करायची, तर तो खर्चही उत्पन्नातच जमा. मुळा-मुठेसाठी २०१६मध्ये सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, तोही जपानच्या कर्जावर. (मुठेतली घाण बरीचशी आपल्या घरांतलीच आहे, हे कबूल.) नदी मुळात स्वच्छ राहिली असती, तर यातला एक रुपयाही त्या आकड्यात दिसला नसता.

धूर तर सरहद्दही पाळत नाही, म्हणून तिथे 'आधी तू थांब' सुरू झालं. १९७२मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं, गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का? प्रश्न रास्त होता. पण नंतर तो कारखान्यांच्या धुराड्यांसाठीही वापरला गेला. १९९७मध्ये, उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो कराराच्या काही महिने आधी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठरवलं, की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही बांधून घेणार नाही. दहाएक वर्षांत कार्बन उत्सर्जनात चीन अमेरिकेच्या पुढे गेला. त्याच चीनने २००६मध्ये पर्यावरणाची झीज वजा करून उत्पन्न मोजून पाहिलं. आदल्या पद्धतीवर बढत्या मिळवलेल्या प्रांतिक अधिकाऱ्यांना ते रुचणं शक्यच नव्हतं. प्रयोग गुंडाळला गेला.

आपल्याकडे वहीबाहेरची मोजणी केली ती धनंजयरावांच्याच मुलाने, माधव गाडगीळ यांनी. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला: कुठे खाण नको, कुठे धरण नको, आणि हे ग्रामसभांना विचारून ठरवा. राज्यांनी विकासाचं कारण सांगून विरोध केला. इथे स्पर्धा देशांची नव्हती, शेजारच्या राज्याकडे प्रकल्प जाईल ही धास्ती होती. मग नेमलेल्या दुसऱ्या, कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं, तरीही अधिसूचनेचे मसुदे निघत आणि बारगळत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा आहे. आदल्या दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळली होती. दरडीच्या त्याच तारखेला, ३० जुलैला, दहा वर्षं आधी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं होतं.