‘हे खर्ची पडेल का?’ स्वतंत्र व्यावसायिकाच्या वजावटींची पार्श्वभूमी

हृदय हे वकिलाचं यंत्र आहे का? थट्टा वाटेल, पण २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला या प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं लागलं. ज्येष्ठ वकील आणि माजी केंद्रीय कायदामंत्री शांती भूषण यांनी करनिर्धारण वर्ष १९८३-८४ साठी हृदयशस्त्रक्रियेचा सुमारे पावणेदोन लाखांचा खर्च व्यवसायाच्या खर्चात धरला होता. हृदय दुरुस्त झालं म्हणून काम वाढलं, कामामुळे उत्पन्न वाढलं आणि त्या उत्पन्नावर तुम्ही कर घेताच आहात, असं त्यांचं म्हणणं. मग यंत्रदुरुस्तीची वजावट मिळते, तर ही का नको? न्यायालयाने मानलं नाही. हृदय यंत्र असेल तर ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसायला हवं, आणि दाखवायचं तर खरेदीची किंमत काय धरायची? शिवाय ते केवळ वकिलीसाठी धडधडत नाही.

माझं प्रकरण एवढं भारदस्त नव्हतं. नोकरी सोडून इंटिरियरची कामं स्वतः घ्यायला लागलो, तेव्हा पहिल्या मार्चमध्ये चकल्यांच्या रिकाम्या डब्यात बिलं कोंबून सीएंकडे गेलो. पेट्रोलच्या निम्म्या पावत्यांची शाई उडून नुसते गुळगुळीत कोरे कागद उरले होते. सीएंनी टेबलावर तीन ढीग केले: धंद्याचा, घरचा, आणि तिसऱ्याला ते म्हणाले, ‘बघू’. मोबाइलचं बिल, चष्मा, साइटवर मिस्त्र्यांना पाजलेला चहा, एका ग्राहकाच्या घरभरणीचा आहेर, सगळं ‘बघू’त गेलं. आपल्याकडच्या वजावटींचा इतिहास हा मुख्यतः या तिसऱ्या ढिगाचा इतिहास आहे.

१८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला ब्रिटिश सरकारचे इथले वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. त्याच वर्षी ते कलकत्त्यात वारले आणि १८६५ मध्ये करही गेला. पुढची वीसेक वर्षं सरकार चाचपडत होतं. कधी प्राप्तिकर, कधी धंद्यावर परवाना कर. परवाना करात वजावटीची भानगड नव्हती. धंद्याची ऐपत पाहून ठोक रक्कम ठरवायची आणि वसूल करायची. लोकांना ते रुचलं असं मात्र नाही. मुंबई इलाख्यातल्या सुरतेत १८७८ मध्ये या करावरून दंगल झाली. १८८६ च्या कायद्यानंतर प्राप्तिकर पक्का बसला, आणि निव्वळ उत्पन्नावर कर म्हटलं की काय वजा करायचं हा प्रश्न ओघानेच आला.

१९२२ च्या कायद्यात दुकानदार आणि वकील-डॉक्टर यांची खाती वेगळी होती. धंद्यासाठी कलम १०, व्यावसायिक मिळकतीसाठी कलम ११. खर्च ‘केवळ’ त्या कामासाठी, धंद्याच्या बाबतीत तर नफा मिळवण्यासाठीच, झालेला असावा अशी अट. १९३९ च्या दुरुस्तीने दोन्ही खाती एकत्र झाली आणि अटीचे शब्द बदलले. इंग्लंडच्या कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून असलेली शब्दांची जोडी आपल्याकडे आली: खर्च ‘संपूर्णपणे आणि केवळ’ व्यवसायाच्या प्रयोजनासाठी हवा. ‘नफा मिळवण्यासाठी’ आणि ‘व्यवसायाच्या प्रयोजनासाठी’ यांतला फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण तो मोठा आहे. एखादी जाहिरात फसली, तिच्यातून एक गिऱ्हाईक आलं नाही, तरी ती व्यवसायासाठीच होती.

जाता जाता, ‘व्यवसाय’ म्हणजे काय हेही पाहावं. त्रावणकोरचे पी. कृष्ण मेनन निवृत्तीनंतर वेदान्त शिकवत. शिष्यांकडून फी घेत नसत. इंग्लंडच्या एका शिष्याने आपणहून पैसे दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ठरवलं की वेदान्त शिकवणं हाही पेशा आहे आणि त्यातून आलेले पैसे करपात्र आहेत. आपल्याकडच्या कीर्तनकारांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९६१ चा कायदा येत होता तेव्हा विधेयकात त्या दोन शब्दांच्या जोडीला तिसरा शब्द घातला होता, ‘आवश्यक’. खर्च संपूर्णपणे, आवश्यक म्हणून आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा. त्यावर जाहीर ओरड झाली आणि अंतिम कलम ३७ मधून तो शब्द गळला. हा तपशील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ससून जे. डेव्हिड या मुंबईच्या कंपनीच्या खटल्यात नोंदवला. मालकी बदलण्याच्या वेळी कंपनीने नोकरांना कमी करून भरपाई दिली होती, आणि त्याचा फायदा दुसऱ्या कोणाला झाला म्हणून वजावट नाकारता येत नाही, असा निकाल लागला. तो एक शब्द राहिला असता तर प्रत्येक छोट्या माणसाला अधिकाऱ्यासमोर सिद्ध करावं लागलं असतं की एवढ्या मोठ्या स्क्रीनची गरज होती, रिक्षाऐवजी टॅक्सी लागणारच होती. धंदा कसा करायचा हे धंदा करणारा ठरवतो. अधिकाऱ्याने फक्त पाहायचं की खर्च धंद्याचाच आहे ना.

पण ‘केवळ’ हा शब्द राहिला, आणि तो चावरा आहे. इंग्लंडमध्ये ॲन मॅलालू या महिला बॅरिस्टरने कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला. एरवी आपण असे कपडे वापरतच नाही, असं तिचं म्हणणं. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नाही म्हटलं: अंग झाकणं आणि ऊब मिळणं हेही हेतू त्यात आलेच. आपला कायदा निदान वस्तूंच्या बाबतीत थोडा मऊ आहे. एखादी जागा किंवा गाडी अंशतः धंद्याला वापरली तर तेवढ्याच हिश्शाची वजावट देणारं कलम (१९६१ च्या कायद्यात ३८ वं) आहे. आणि ‘यंत्रसामग्री’च्या व्याख्येत व्यवसायाला लागणारी पुस्तकं चक्क नावानिशी आहेत, म्हणजे पुस्तकांवर घसारा, वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळतो.

खरी गंमत बेकायदा खर्चांची. मुंबईची हाजी अझीझ ही पेढी इराकहून खजूर आणायची. त्या वेळी आगबोटीने खजूर आणायला बंदी होती, फक्त गलबताने आणता येई. पेढीने काही माल आगबोटीने आणला, कस्टमने तो पकडला, आणि सोडवायला दीड लाखाहून जास्त दंड भरावा लागला. हा दंड खर्ची पडणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर सांगितलं. याउलट पियारा सिंग. १९५८ मध्ये पाकिस्तानची सरहद्द ओलांडताना त्याच्या अंगावर ६५,५०० रुपयांच्या नोटा सापडल्या आणि जप्त झाल्या. प्राप्तिकर खात्याने त्याला चलनाची तस्करी करणारा धंदेवाला ठरवून कर लावला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तस्करी हाच धंदा मानता तर जप्तीचा तोटाही त्याच धंद्याचा धरा. म्हणजे सरळ धंदा करताना नियम मोडणाऱ्याला काही नाही, आणि धंदाच बेकायदा असेल तर तोटा वजा. तर्काला धरून आहे, पण ऐकणारा हसतोच.

१९९८ मध्ये कलम ३७ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं आणि १ एप्रिल १९६२ पासून, म्हणजे कायदा अमलात आल्यापासूनच, लागू केलं: गुन्हा ठरणाऱ्या किंवा कायद्याने मना केलेल्या कामासाठीचा खर्च व्यवसायाचा धरायचा नाही. त्यासोबतच्या सरकारी परिपत्रकात खंडणी आणि लाच यांच्या रांगेत ‘हफ्ता’ हा आपला शब्द जसाच्या तसा आला आहे. मुंबईने प्राप्तिकराच्या भाषेला दिलेली ही देणगीच म्हणायची. याच स्पष्टीकरणाच्या आधारे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंची वजावट नाकारली.

चहाचंही एक प्रकरण आहे. गिऱ्हाइकाला पाजलेला चहा, पेढीवर आलेल्या गावोगावच्या व्यापाऱ्यांना घातलेलं जेवण हा आतिथ्याचा रिवाज की ‘करमणूक खर्च’, यावर हायकोर्टात वर्षानुवर्षं वाद चालले, कारण करमणूक खर्चावर मर्यादा होती. शेवटी ते बंधनच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काढून टाकलं. त्यामुळे मिस्त्र्यांचा चहा माझ्या सीएंनी फार न बोलता धंद्याच्या ढिगात सरकवला.

कागदपत्रांचा काच मात्र वाढत गेला. १९६८ मध्ये २,५०० रुपयांपेक्षा जास्त खर्च रोखीने केला तर वजावट नाही, असा नियम आला. आज ती मर्यादा एका माणसाला एका दिवसात १०,००० आहे. १९७५ च्या दुरुस्तीने वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार आणि आम्ही अंतर्गत सजावटवाले, यांना वह्या ठेवणं बंधनकारक करणारं कलम ४४एए आणलं. पुढे चित्रपट कलावंत वगैरे त्यात आले. रोजमेळ, खतावणी, २५ रुपयांवरच्या पावत्यांच्या कार्बन प्रती. डॉक्टरांना वर रुग्णांची रोजची नोंदवही.

वह्या न झेपणाऱ्यांसाठी १९९२ मध्ये छोट्या दुकानदारांना वर्षाला १,४०० रुपये भरून मोकळं व्हायची सोय निघाली. ती फार टिकली नाही, पण कल्पना टिकली. १९९४ मध्ये बांधकाम कंत्राटदारांसाठी उलाढालीच्या ८ टक्के नफा गृहीत धरणारी तरतूद आली, आणि २००९ च्या वित्त कायद्याने ती बहुतेक छोट्या धंद्यांपर्यंत पोचली. व्यावसायिक तोवर बाहेरच होते. प्राप्तिकर कायदा सोपा करण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती ईश्वर समितीने २०१६ मध्ये त्यांच्यासाठी जमेच्या एक तृतीयांश उत्पन्न गृहीत धरावं असं सुचवलं. सरकारने कलम ४४एडीए आणताना निम्मं धरलं. जमेची मर्यादा ५० लाख, आणि २०२३ पासून रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. थोडक्यात, ठोक रकमेचा जुना विचार नव्या वेशात परत आला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही तो कायम आहे.

घरातल्या टेबलावर एकट्याने काम करणाऱ्याला ही निम्म्याची मेजवानी आहे. त्याचा खर्च जेमतेम लॅपटॉप, वीज आणि इंटरनेटचा. पण ही सोय वह्या ठेवायच्या त्या वकील-डॉक्टरांच्या यादीलाच आहे, शिकवणी घेणारे किंवा अनुवादक यांची नावं तीत नाहीत, आणि माणसं ठेवून काम करणाऱ्याला निम्मं पुरत नाही. त्याहून कमी उत्पन्न दाखवायचं आणि ते करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही आलं.

मधली काही वर्षं माझे सीए फक्त बँकेचा उतारा मागत. डब्यात पुन्हा चकल्या भरल्या जायच्या. गेल्या वर्षी दोन मुलं कामाला ठेवली, एक गाळा भाड्याने घेतला आणि खर्च निम्म्याच्या वर गेला. डबा आता परत ऑफिसच्या फळीवर आहे. नव्या चष्म्याचं बिल मात्र मी त्यात टाकलं नाही. हृदयाचं जे झालं, तेच चष्म्याचं होणार.