दिव्याने सैनिक वाचले नाहीत, गटारं साफ केल्याने वाचले

शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवतं ना? हातात दिवा घेऊन जखमींच्या खाटांमधून फिरणारी फ्लोरेन्स नाइटिंगेल. त्यावरून दोन समज पक्के झाले: क्रिमियाच्या युद्धात (रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान) सैनिक जखमांनी मेले, आणि तिच्या शुश्रूषेने मरण थांबलं. दोन्ही चूक.

१८५४ ते १८५६ या काळात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक मेले. त्यातले जवळपास १६ हजार रोगाने, म्हणजे कॉलरा, हगवण, टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) यांनी. रणांगणावर किंवा जखमांमुळे मेलेले पाच हजारांच्या आत.

नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीच्या (आजचं उस्कुदार, इस्तंबूल) इस्पितळात पोहोचली. त्यानंतर मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर ४० टक्क्यांवर गेला. यात तिचा दोष नव्हता. इमारतीखालची गटारं तुंबली होती, हवा कोंडली होती आणि पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, भिंतींना चुना फासला. जूनपर्यंत मृत्युदर दोन-तीन टक्क्यांवर उतरला.

मला तिचं मोठेपण पुढच्या कामात दिसतं. घरी परतल्यावर तिने आकडे मांडले, १८५८ मध्ये पाकळ्यांसारखा तो प्रसिद्ध आलेख काढला. त्यात रोगाने झालेल्या मृत्यूंच्या निळ्या पाकळ्या जखमांच्या लाल पाकळ्यांना झाकोळून टाकतात. मग तिची नजर हिंदुस्थानातल्या छावण्यांकडे वळली. तिथे तर लढाई नसतानाही हजारी ६९ गोरे शिपाई दरवर्षी मरत होते.