छोट्या मासेमारी बोटीचे ट्रिम टॅब: रुंद घ्या, कमी वाकवा

सोळा-अठरा फुटी मासेमारी बोटीत जवळजवळ सगळं वजन मागे गोळा होतं. आउटबोर्ड इंजिन मागे, बॅटऱ्या मागे, बर्फाची पेटी मागे आणि गळ टाकून उभी राहणारी माणसंही मागेच. त्यात जिवंत मासे ठेवायची 80 लिटरची टाकी भरली की आणखी 80 किलोंची भर. अशी बोट वेग घेऊ लागली की पिछाडी खाली बसते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते, समोरचं पाणी दिसेनासं होतं आणि इंजिन जोर लावूनही बोट पुढे सरकायला तयार नसते. दोघं जण एकाच बाजूला उभे असतील, तर ती कलूनच धावते.

ट्रिम टॅबचं काम हे दोन्ही सावरण्याचं. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. तिच्या तळाशी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे स्टीलचे दोन पत्रे बिजागरीने बसवलेले असतात. पत्रा खाली वाकवला की बोटीखालून वाहणारं पाणी खाली वळतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पिछाडी वर उचलली जाते. पिछाडी वर गेली की नाळ आपोआप खाली येते. एकाच बाजूचा पत्रा वाकवला तर तेवढीच बाजू उचलली जाते.

हे लागतं नेमकं कुठे? 17 फुटी बोटीची पाण्यातली लांबी 15 फूट धरली, तर तिने उठवलेली लाट साधारण 5 नॉट वेगाला बोटीइतकीच लांब होते. त्यापुढे वेग वाढवायचा तर बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. चढ संपला की बोट पाण्यावर तरंगण्याऐवजी पाण्यावरून घसरत धावते, याला प्लेनिंग म्हणतात. मधला हा टप्पा सर्वांत जास्त इंधन खातो. पाणी खवळलं की मासेमारी बोटीला नेमकं इथेच, 11 ते 14 नॉटच्या आसपास, रेंगाळावं लागतं. म्हणून टॅब निवडताना कमाल वेगाचा विचार बाजूला ठेवावा. बोट किती हळू धावत असतानाही प्लेनिंगवर टिकते, ते पाहावं.

आकड्यांत पाहिलं तर

प्लेनिंग बोटींच्या गणितात डॅनियल साविट्स्की यांचं नाव पहिलं येतं. त्यांनी पी. वॉर्ड ब्राऊन यांच्यासह 1976 मध्ये टॅबसाठी एक साधं सूत्र प्रसिद्ध केलं, ते आजही वापरलं जातं. टॅबची उचल तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: पत्र्याचं क्षेत्रफळ, तो किती अंश वाकवलाय तो कोन, आणि वेगाचा वर्ग. वेग निम्मा झाला की उचल एक चतुर्थांश उरते.

18 इंच रुंद आणि 9 इंच लांब पत्रा घेऊ. (टॅबची रुंदी ट्रान्समच्या बाजूने मोजतात, लांबी मागच्या दिशेने.) 10 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे 19 नॉट वेगाला तो 5 अंश वाकवला, तर खाऱ्या पाण्यात अंदाजे 125 किलो उचल मिळते. जोडी धरली तर अडीचशे. वेग 6 मीटर प्रतिसेकंदावर, म्हणजे 12 नॉटच्या जरा खाली आला, की तोच पत्रा त्याच कोनात जेमतेम 45 किलो उचलतो. बोटीला मदत हवी असते तेव्हाच टॅब असा दुबळा पडतो. ही तूट भरून काढायला दोन वाटा आहेत: कोन वाढवा किंवा पत्रा मोठा घ्या.

कोन वाढवणं महाग पडतं. त्याच सूत्रात टॅबचा अडथळा उचल आणि कोन या दोन्हींबरोबर वाढतो. बोट 4 अंश नाळ वर करून धावत असेल, तर 19 नॉटला 5 अंशांवर एका पत्र्याचा अडथळा 6 किलोंच्या आसपास असतो. 10 अंशांवर उचल दुप्पट होते, पण अडथळा तिप्पट, 18 किलो. उलट बाजूनेही पाहता येईल. समजा त्याच वेगाला एका पत्र्याकडून 168 किलो उचल हवी आहे. 12 इंच रुंद पत्र्याला ती द्यायला 10 अंश वाकावं लागतं आणि अडथळा 12 किलो येतो. 18 इंची पत्र्याचं काम 7 अंशांच्या आत होतं, अडथळा 9 किलो. 24 इंचीला 5 अंश पुरतात, अडथळा 8 किलो. लहान टॅब घेऊन तो खोल वाकवत राहणं हा तोट्याचाच सौदा आहे.

क्षेत्रफळ तेवढंच ठेवून अरुंद आणि लांब पत्रा का घेऊ नये? कारण उचल एकट्या पत्र्यावर येत नाही. वाकलेल्या पत्र्यामुळे पाणी अडतं आणि पत्र्याच्या पुढे, बोटीच्या बुडाखालीही दाब वाढतो. उचलीचा मोठा वाटा हे बूडच देतं. पत्रा जितका रुंद, तितकी या दाबात बुडाची जास्त रुंदी सापडते. म्हणून आधी रुंदी पाहावी आणि ती मिळत नसेल तरच लांबी 9 ऐवजी 12 इंच करावी.

किती रुंदी बसेल?

ढोबळ नियम सोपा आहे: बोटीच्या प्रत्येक फुटामागे, प्रत्येक बाजूला, एक इंच रुंदी. 17 फुटी बोटीला 17 इंच, म्हणजे बाजारात मिळणारी 18×9 ची जोडी. चार इंजिनांच्या किंवा चाळीस नॉटच्या पुढे धावणाऱ्या बोटींना हा नियम लावू नये. तिथे मोठा टॅब जरासा हलला तरी नाळ पाण्यात खुपसू शकते.

आता टेप घेऊन ट्रान्सम मोजा. बूड आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेला चाइन म्हणतात. टॅबचं बाहेरचं टोक चाइनपासून 75 ते 100 मिमी आत हवं, नाहीतर वळताना तो पाण्याबाहेर येतो. इंजिनाच्या मध्यरेषेपासून 200 मिमी जागा मोकळी सोडावी, म्हणजे पंख्याकडे जाणारं पाणी ढवळत नाही. समजा चाइन ते चाइन 1700 मिमी आहे. अर्धे 850. त्यातून 100 आणि 200 वजा केले की 550 उरले. 18 इंच म्हणजे 457 मिमी, तो बसतो. वर जवळपास 90 मिमी शिल्लक राहतात. ही जागा मासे शोधणाऱ्या यंत्राच्या ट्रान्सड्यूसरला, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागाला, लागेल. तो टॅब आणि इंजिन यांच्यामध्ये, पत्र्यापासून सुटा बसवावा. पत्र्याच्या मागे बसवला, तर वेगात पडद्यावर बुडबुड्यांशिवाय काही दिसत नाही.

बुडाखालून उभे कंगोरे, म्हणजे स्ट्रेक, गेलेले असतील तर पत्रा दोन कंगोऱ्यांमधल्या सपाट भागात मावला पाहिजे. इंजिन पूर्ण वर उचलून दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. शिडी खाली सोडून पाहा. ट्रेलरच्या फळ्या कुठे टेकतात तेही पाहा. जागा फारच कमी असेल तर इंटरसेप्टर हा पर्याय आहे. त्यात ट्रान्समवर सपाट बसणारं एक पातं काही मिलिमीटर सरळ खाली उतरतं आणि बुडाखाली तोच दाब तयार करतं. गळाची दोरी अडकायला त्यात मागे काहीच राहत नाही. मात्र पाण्यात कायम उभ्या असणाऱ्या बोटीत कालवं-शिंपल्यांनी पातं जाम होतं.

पत्रा हलवणार कोण?

सगळ्यांत स्वस्त जोडी गॅस स्प्रिंगवर चालते. वेग कमी असताना स्प्रिंग पत्रा खाली धरते आणि वेग वाढला की पाणीच तो वर ढकलतं. वीज नको, बटणं नकोत. एकट्याने, नेहमी सारख्याच वजनाने जाणाऱ्याला ती पुरते. पण मासेमारीत माणसं बाजू बदलत राहतात, आणि स्प्रिंगला डावी बाजू वेगळी उचलायला सांगता येत नाही. दोन-तीन जण नेहमी जात असाल तर डावा-उजवा स्वतंत्र चालणाराच संच घ्यावा.

असा संच हायड्रॉलिक असतो किंवा इलेक्ट्रिक. हायड्रॉलिकमध्ये पंप बोटीच्या आत कोरडा राहतो आणि पाण्यात फक्त नळी व सिलिंडर असतात. तो दीर्घकाळ टिकतो, पण पंपाला जागा लागते आणि तेलाची पातळी पाहावी लागते. इलेक्ट्रिकमध्ये मोटर पत्रा ढकलणाऱ्या प्रत्येक दांड्यातच बंद केलेली असते, त्यामुळे बसवायला फक्त तारा ओढायच्या. दांड्यात पाणी शिरलं तर मात्र अख्खा दांडा बदलावा लागतो. छोट्या बोटीत आत जागाच नसते, तिथे इलेक्ट्रिक सोयीचा. इंजिन बंद केल्यावर पत्रे आपोआप वर घेणारं नियंत्रण मिळत असेल तर त्यावर पैसे जरूर खर्च करा. पळणारा मासा बोटीखाली शिरला की दोरी खाली लोंबणाऱ्या पत्र्याच्या कोपऱ्यावर घासून तुटते. कोपरे गोलसर असलेले पत्रे याच कारणाने निवडावेत.

बसवताना

पत्र्याची बिजागरी बुडाच्या कडेपासून 6 ते 10 मिमी वर ठेवतात. ती कडेच्या खाली उतरली तर टॅब वर घेतलेला असतानाही पाणी अडवत राहतो. बुडाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे बाहेर काढा. पूर्ण वर घेतलेल्या पत्र्याचं मागचं टोक या पट्टीच्या किंचित वर राहिलं पाहिजे. सर्वांत जास्त बिघाड होतो तो भोकांमुळे. बहुतेक फायबर बोटींच्या ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असतं आणि स्क्रूभोवती पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं. भोक मोठं पाडावं, ते घट्ट इपॉक्सीने भरावं, वाळल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक पाडावं आणि स्क्रू पाण्याखाली चालणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बसवावा. घरगुती सिलिकॉन इथे चालत नाही. अॅल्युमिनियमच्या बोटीवर स्टीलचा पत्रा थेट टेकू देऊ नका. मध्ये न गंजणारा, वीज न वाहणारा थर हवाच, नाहीतर स्टीलभोवतीचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

बटणं नाळेच्या हिशेबाने ओळखली जातात. डावं बटण दाबलं की डावी नाळ खाली जाते, म्हणजे हलतो तो उजवा पत्रा. तारा उलट जोडल्या गेल्या असं वाटून पुष्कळ जण बरोबर असलेली जोडणी बदलतात.

चालवताना

बटण अर्धा सेकंद दाबा, सोडा, दोन-तीन सेकंद थांबा. बोटीला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, आणि तेवढा धीर धरला नाही की डावी-उजवीची दुरुस्ती संपतच नाही. सुटताना दोन्ही पत्रे खाली घ्या, प्लेनिंग आलं की हळूहळू वर. समोरून लाटा येत असतील तर थोडे खाली ठेवा, म्हणजे नाळेची धार लाट कापते. मागून लाटा येत असतील तर पूर्ण वर. इथे चूक झाली तर नाळ पुढच्या लाटेत रुतते आणि बोट आडवी फिरते. बाजूचा वारा असेल तर व्ही आकाराच्या बुडाची बोट वाऱ्याकडे कलते. त्या बाजूचा पत्रा खाली घेतला की ती सरळ होते. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा बोटीला डावीकडे कलवतो, तेव्हा डावा पत्रा. रिव्हर्स घेण्यापूर्वी दोन्ही पत्रे वर आहेत याची खात्री करा. खाली राहिले तर पिछाडी पाण्यात ओढली जाते आणि दांडे वाकतात.

टॅब नाळ खाली आणू शकतो, वर नेऊ शकत नाही. ते काम इंजिनाच्या ट्रिमचं, म्हणजे इंजिन आत-बाहेर झुकवण्याचं. म्हणून आधी टॅबने बोट सपाट करावी आणि मग इंजिन बाहेर झुकवत, वेग वाढेपर्यंत, ट्रिम जुळवावा. ट्रान्समवर भोकं पाडण्यापूर्वी एक दिवस जड सामान पुढे हलवून बोट चालवून पाहणंही चांगलं. बॅटरी पुढे नेऊनच नाळ खाली आली, तर कदाचित 12 इंची जोडीही पुरेल.

बोट पाण्यातच उभी राहणार असेल तर पत्रे वर घेऊनच ठेवा. दांडा आत राहतो आणि त्यावर कालवं चढत नाहीत. पत्र्यावर खाऱ्या पाण्यात जस्ताचा आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, लावा. त्याला रंग देऊ नका आणि तो निम्मा झिजला की बदला.